राजाचं तारण

१

वरदा आणि तिची आई यांचं कशावरूनही वाजायचं. चहात आलं आधी घालायचं की साखर, दिवसा पडदे उघडे ठेवायचे की ओढलेले, बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणायचं ते मोठ्यानं की मनात. वरदा चिडकी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. आई तिच्याहून चिवट आहे हे फक्त बाबांना. हार मानणं हा प्रकार शैला दाबके या बाईच्या स्वभावातच नव्हता. वाद संपला असं वाटून वरदा आंघोळीला जायची आणि बाथरूमच्या दाराबाहेरून आईचा पुढचा मुद्दा ऐकू यायचा.

एडिनबरातून इतिहासाची पदवी घेऊन वरदा जुलैत घरी आली. ऑक्टोबरात ग्लासगोच्या एका म्युझियममध्ये तिची नोकरी सुरू व्हायची होती. तोवर आईवडिलांकडे राहायचं, म्हणजे रोज उठून भांडायचं, असं तिनं मैत्रिणीला फोनवर सांगूनच टाकलं होतं.

बाबा, डॉक्टर श्रीनिवास दाबके, लेस्टरच्या हॉस्पिटलात भूल देत. बेलग्रेव्ह रोडजवळचं घर विकून त्यांनी त्याच वर्षी, म्हणजे २००५ च्या सुरुवातीला, हॅल्सबी नावाच्या खेड्यात जुनं दगडी घर घेतलं होतं. मागे शेतं, पुढे खडीची वाट, वाटेच्या टोकाला बस स्टॉप. घराबरोबर एक प्रथाही आली होती.

ती मिस्टर ऑलकॉटांनी चहा पिता पिता समजावून सांगितली. हे घरांसाठी कर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायटीतून रिटायर झालेले गृहस्थ, आता गावातल्या चर्चची व्यवस्था बघत.

"फार पूर्वी एक राजा लढाईला निघाला. वाटेत त्यानं या घराची कोठारं रिकामी केली. फेडीन म्हणाला, आणि फेडेपर्यंत तारण म्हणून आपल्या गोतातलं एक माणूस इथं ठेवून गेला. पुढे फेड झाली, माणूस परत गेलं. त्याची आठवण म्हणून सुगी संपली की मी वाडगाभर जव घेऊन तुमच्या दाराशी येणार. तुम्ही जव ओतून घ्यायचे, वाडगा परत द्यायचा. मी तो उंबऱ्यावर उलटा करतो, ठोकतो, आणि 'देणं फिटलं' म्हणतो. मग सगळे पबमध्ये. कुठला राजा ते विचारू नका, त्यावरून गावात दोन तट आहेत."

"माणूस ठेवलं?" आई म्हणाली. "दागिने नव्हते का त्याच्याकडे?"

"दागिने आधीच गहाण पडलेले असायचे," वरदा म्हणाली. राजेलोकांची उधारी हाच तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय होता, त्यामुळे ती सुटली. "आणि फेड म्हणजे तरी काय? कबूल करायचे चांदीची नाणी आणि द्यायचे निम्म्या तांब्याची. दिसायला हुबेहूब. घेणाऱ्यानं तक्रार करायची कुणाकडे?"

"इथे मात्र पुरतं फिटलं हं," ऑलकॉट हसून म्हणाले.

ठरलेल्या शनिवारी दुपारी गावातली माणसं वाटेवर जमली. स्थानिक पेपरचा एक फोटोग्राफरही होता. बाबांनी वाडगा घेतला, स्वयंपाकघरात आणून दिला. आईनं जव स्टीलच्या डब्यात ओतले, वाडगा पुसला.

"आई, लोक थांबलेत."

"थांबू देत. वाडगा ओला कसा देऊ?"

थोड्या वेळानं ती स्वतःच बाहेर आली, वाडग्यावर धुतलेला नॅपकिन टाकून, दोन्ही हातांत धरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

२

ऑलकॉटांनी नॅपकिन बाजूला केला नाही. रिकामाच असणार, म्हणून त्यांनी वाडगा तसाच उंबऱ्यावर उलटा केला आणि ठोकायला बोटं उचलली. वाडग्याच्या कडेखालून पांढरं काहीतरी बाहेर आलं. त्यांनी वाडगा उचलला. खाली साखरेचा ढीग होता.

टाळ्यांसाठी वर गेलेले हात तसेच राहिले. एक गांधीलमाशी आली, साखरेवर घिरट्या घालून, न बसताच निघून गेली.

"मिसेस दाबके," ऑलकॉट म्हणाले, "हे तुम्ही दिलंत?"

"आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत," आई म्हणाली. तिला अभिमानच वाटत होता. "शेजारीण वाटीभर आमटी पाठवते, तेव्हा वाटी परत देताना चिमूटभर साखर तरी घालायची. नाहीतर बरं दिसत नाही."

वरदाचे कान तापले. सगळ्या गावासमोर. पेपरवाल्यासमोर. "आई, रिकामं परत द्यायचं हीच तर त्यांची प्रथा आहे. आठवडाभर तेच सांगत होते ना ते?"

"त्यांची प्रथा त्यांनी पाळावी. मी कुणाला मोकळ्या हातानं पाठवत नाही."

"परत घेता येईल का?" ऑलकॉटांनी विचारलं. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते आधीचंच, काढायचं राहून गेलेलं. "म्हणजे, तुम्ही हे परत घेतलंत असं म्हणता येईल?"

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "दिलेली साखर परत घेऊ?"

ऑलकॉटांच्या बायकोनं त्यांची बाही धरली. ते वाडगा छातीशी घेऊन मागे सरले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मग त्याला कुणालातरी ठेवावं लागेल."

"कुणाला? कुठे?" वरदानं विचारलं.

"काही नाही. माझ्या आधीचे गृहस्थ असं म्हणायचे. वाडग्यात काही राहिलं, तर राजा पुन्हा तुमचं देणं लागला. मला नेमकं माहीत नाही, मला फक्त वाडगा उलटा करायला सांगितलंय."

'देणं फिटलं' ते म्हणालेच नाहीत. पबमध्येही कोणी गेलं नाही. खडीवरून माणसं परत गेली ती एकमेकांशी न बोलता, एखाद्याच्या घरून अंत्यविधी आटोपून निघावीत तशी.

३

रविवारी दुपारी आईनं चार ताटं घेतली.

"कोण येणारेय?" वरदानं विचारलं.

आईनं ताटांकडे पाहिलं. "कोणी नाही." एक ताट उचलून तिनं मागे ठेवलं. सोमवारी पुन्हा चार. वरदानं बोट दाखवलं तेव्हा ती थोडी गोंधळली, आणि मग गोंधळल्याचं लपवायला वरदाच्याच अंगावर आली, "हातच जातो, काय करू?"

स्वयंपाकघराच्या वर एक छोटी खोली होती. तांदळाच्या गोणी, रिकाम्या सुटकेसेस आणि खिडकीखाली दगडी बैठक. खोलीचं दार फुगलेलं होतं, घर घेतल्यापासून ते कधी मिटलंच नव्हतं. त्या आठवड्यात ते मिटलेलं दिसलं.

"हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं," बाबा म्हणाले. अगदी पटण्यासारखं होतं. बाबांचं सगळं बोलणं पटण्यासारखंच असायचं, म्हणून तर वरदाला त्यांचा राग यायचा.

मग आवाज सुरू झाला. आवाज म्हणण्याइतका तो मोठा नव्हता. ओट्याशी उभं राहिलं, नळ बंद केला, की डोक्यावर कोणीतरी जागा बदलायचं. परक्या घरी, ओळख नसलेल्या माणसांत येऊन पडलेलं माणूस जसं दुसऱ्याला त्रास न होईल इतक्या बेतानं कूस बदलतं, तसं. वरदानं कान देऊन ऐकलं की थांबायचं. तिला वाटलं, उंदीर. मग वाटलं, उंदीर आपण ऐकतोय हे कळून थांबत नाहीत.

बुधवारी तिनं आईला जिन्यावर पाहिलं. हातात ताट. भात, वरण, बटाट्याची भाजी, कडेला लिंबाची फोड.

"आई, वर कोण आहे?"

"मला काय ठाऊक."

"मग ताट कुणाला?"

"आहे कोणीतरी, एवढं कळतं ना तुला? आहे तर उपाशी ठेवू?"

संध्याकाळी ताट खाली आलं ते लख्ख. खरकट्याचा डाग नाही, लिंबाची बीसुद्धा नाही.

वरदानं बाबांना अभ्यासिकेत गाठलं. "आई स्वतःच खाते ते. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला दिसत नाही का?"

"अगं, तू आता ग्लासगोला जाणार. तिला घर मोठं वाटतंय. जाईल ते." त्यांनी चष्मा पुसला. "तूही जरा कमी भांड तिच्याशी."

म्हणजे माझ्यामुळेच. वरदा तडक वर गेली. दुपारचं ऊन जिन्यात पडलं होतं. दाराला फट होती, तिनं डोळा लावला. आतलं ऊन भिंतीवर सरळ पडलेलं, त्यात धूळ. दगडी बैठकीवर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. अंगावर आईची सोलापुरी चादर. वर मानेपर्यंत कापलेले केस, गवतासारखे. एका बाजूला उतरलेला अरुंद खांदा. श्वास घेताना खांदा हलतो तेवढाही तो हलत नव्हता.

वरदा खाली आली. सुटकेसवर चादर टाकलीये, तिनं स्वतःला सांगितलं. सुटकेसला केस नसतात हे मात्र ती स्वतःला सांगू शकली नाही.

४

शुक्रवारी बाबांची सुट्टी होती. ते आणि आई किराणा आणायला लेस्टरला निघाले. गाडीत बसता बसता आई परत फिरली.

"वर लक्ष ठेव. दार लोटून घे, आणि काही झालं तरी जाऊ देऊ नकोस."

"कुणाला?"

"नुसतं लक्ष ठेव म्हटलं ना."

गाडी गेली आणि वरदाच्या आठवड्याभराच्या रागाला वाट मिळाली. भीती होतीच, पण रागापुढे तिचं काही चालेना. ती जिना चढली, खांद्यानं दार ढकललं. बैठकीवर चादर होती, नीट घडी केलेली. खोली रिकामी. तिनं खिडकी उघडली, सुटकेसेस बाहेर ओढल्या, चादर जिन्यावरून खाली भिरकावली. दगडी बैठकीवर हात टेकला आणि झटका बसल्यासारखा मागे घेतला. दगड ऊबदार होता, आणि ऊन तिथे पोचतही नव्हतं.

"बस झालं," ती मोठ्यानं म्हणाली. इंग्रजीत म्हणाली, मग मराठीत. "निघ. हे आमचं घर आहे. आमचं काही कुणाकडे नाही आणि कुणाचं काही आमच्याकडे नाही. चालती हो."

'चालता' का नाही म्हणाली, 'चालती' का म्हणाली, हे तिलाही कळलं नाही.

ती खाली आली, पुढचं दार सताड उघडलं आणि बाजूला उभी राहिली. मग तिच्या मांडीला घासून काहीतरी गेलं. बुटकं, हलकं, दबकून जाणारं. दिसलं काही नाही. बाहेर खडी वाजली, बेतानं, कुणाला त्रास होऊ नये अशी, आणि वाटेच्या वळणापर्यंत वाजत गेली.

वरदानं दार लावलं. तिला जिंकल्यासारखं वाटत होतं.

आई आली ती पिशव्या न उतरवता वर गेली. खाली आली तेव्हा आरडाओरडा नव्हता.

"घालवलंस तिला?"

"कुणाला, आई? नाव तरी सांग."

"या थंडीत. चादरसुद्धा न देता."

"तुझ्या या द्यायच्या सवयीची लाज वाटते मला. गावासमोर शोभा झाली आपली."

"वाटू दे. शिकलीस खूप, पण ठेवलेलं माणूस ही काय चीज असते, ते काही तुला कळलं नाही." आईचा आवाज चढला. "आपल्याकडे ठेवलं होतं कोणीतरी. विश्वासानं. मागायला आले की काय दाखवू, तुझी पदवी?"

रात्री जेवताना बाबा दोघींना वाढत राहिले.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी उंबऱ्यावर एक वाडगा होता. ऑलकॉटांचा नव्हे, जुना, काळा पडलेला, एका बाजूला जळालेला. त्यात साखर होती, आईनं दिली होती तेवढीच असावी.

"साखर परत केली त्यांनी," आई म्हणाली. वरदानं तिला चिडलेलं पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं. घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

वरदानं बोटानं थोडी साखर उचलून जिभेवर ठेवली. दाणे पांढरे होते, दातांखाली साखरेसारखे फुटले. चव नव्हती. गोड नाही, खारट नाही, मातीची नाही. तोंडात काही नसतानाही जेवढी चव असते तेवढीही नाही.

"कोणीतरी चेष्टा करतंय," असं म्हणून ती वर केस वाळवायला गेली. ड्रायर बंद केला तेव्हा खाली दाराशी आई बोलत होती.

"हो, मिळाली."

मग शांतता. कोणी उत्तर देत असावं इतकी लांब. पण दुसरा आवाज नव्हता.

"ती इथे नाही."

शांतता.

"नाही हो, विकली नाही, मारली नाही. गेली. माझ्या मुलीनं... लहान आहे ती. तिला कळत नाही."

आई मराठीत बोलतेय, हे वरदाच्या आत्ता ध्यानात आलं. गावातल्या कुणाशी? आणि घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तशा खालच्या आवाजात.

"नाही. तिला नाही," आई म्हणाली. हे मात्र नेहमीच्या आवाजात, बाथरूमच्या दाराबाहेरून ऐकू यायचं त्या. "ते जमणार नाही. मी सांगते ना, जमणार नाही. माझ्याशी बोला."

या खेपेची शांतता वरदानं जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून ऐकली.

"बरं. मग मी आहे. थांबा, स्वेटर घेते."

वरदा धावत खाली आली तेव्हा दार उघडं होतं. स्वेटर खुंटीवरच होता. वाटेवर कोणी नाही, कापलेल्या शेतात कोणी नाही, आभाळ स्वच्छ. हवेत ओल्या लोकरीचा वास होता, तोही बघता बघता गेला.

६

पोलीस आले. चहा घेतला, फोटो घेतला, घरात काही भांडण झालं होतं का हे विचारलं. बाबांनी वरदाकडे पाहिलं. "झालं होतं," ती म्हणाली. लोकांनी कुत्री घेऊन शेतं पालथी घातली.

वरदा ऑलकॉटांकडे गेली. सगळं ऐकून ते खुर्चीत बसले. "जी ठेवली होती, तिला तू हाकललंस?"

"मला सांगा आता काय करायचं."

"मुली, मला खरंच माहीत नाही." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पहिल्यांदाच एखाद्या म्हाताऱ्यावर चिडायला वरदाला सुचलं नाही. "ज्याचं माणूस त्याला मिळालं, तर तो तुमचं देईल. दुसरं काय असणार?"

ती शोधत फिरली. काटेरी कुंपणांच्या बुडाशी, चर्चच्या मागे, बंद पडलेल्या गोठ्यात. नाव नव्हतं, मग हाक काय मारायची? आई वर ताट घेऊन जाताना दाराशी काय म्हणायची ते तिनं आठवून पाहिलं आणि तेच म्हणू लागली. "बाळा, ये गं. थंडी वाजत असेल. जेवून घे." एकदा कोणी शेजारून सायकलवर गेलं, थांबून बघत राहिलं. वरदाला काही वाटलं नाही.

ती सापडली वाटेच्या टोकाला, बस स्टॉपच्या काचेच्या छपराखाली. दुपारची वेळ, बस नुकतीच गेलेली. बाकाच्या कोपऱ्यात कोणीतरी काचेकडे तोंड करून बसलं होतं. पाय जमिनीला टेकत नव्हते. काचेवर पावसाचे थेंब होते, लोकांनी ओरबाडलेली नावं होती, पण त्या चेहऱ्याचं प्रतिबिंब नव्हतं.

"माझं चुकलं," वरदा म्हणाली. हे वाक्य ती आईला कधी म्हणाली नव्हती. "घरी चल."

वरदानं मान दुसरीकडे वळवली आणि हात पुढे केला. बराच वेळ काही झालं नाही. मग तिच्या तळहातात हात आला. हातमोज्यात धान्य भरावं तसा. बोटं दाबली की आत दाणे सरकत. वरदा हात सोडून पळाली नाही. घरापर्यंत चालत आली, सरळ पुढे बघत, आणि बरोबरची खडी तिच्या पावलांनिशी वाजत राहिली.

बाबा पोलिसांकडे गेले होते. वरदानं दार उघडंच ठेवलं. तिला आत नेऊन बसवावं की नाही, चादर द्यावी की नाही, ठरवता येईना. शेवटी चादर तिच्या खांद्यावर टाकली, आणि लगेच घाबरून काढून घेतली. काही द्यायचं नाही. काहीही. आपल्या घरात आलेल्या कुणाला इतकं कोरडं वागवण्याची तिला त्या क्षणी इतकी शरम वाटली की डोळे भरून आले.

खडी वाजली. जड, कुणाची पर्वा न करणारी.

दारात उजेड होता आणि उजेडात कोणीतरी होतं. वरदानं नजर खाली ठेवली. चिखलानं भरलेले बूट, लांब बाहीची कड, सोनेरी दोऱ्याची, उसवलेली. आणि त्यांच्या शेजारी आईच्या निळ्या साडीच्या निऱ्या, आईच्या घरातल्या सपाता.

"ही घ्या," वरदा म्हणाली. "आहे तशी आहे."

हातातला हात निघून गेला. बूट वळले. निळ्या निऱ्यांनी उंबरा ओलांडला. वरदानं दार लोटलं, कडी घातली आणि आईच्या गळ्यात पडली.

७

पोलिसांनी फाइल बंद केली. ताणामुळे असं होतं, म्हणाले. बाबा दोन दिवस आईचा हात सोडेनात. "किती शांत झालीये बघ," ते वरदाला सारखं सांगत.

ती खरोखरच शांत झाली होती. सकाळी वरदानं मुद्दाम चहात आधी साखर घातली, मग आलं. आई बघत होती.

"चालेल?" वरदानं विचारलं.

"चालेल."

पडदे दिवसभर उघडे राहिले. बसच्या ड्रायव्हरला कोणीच 'थँक यू' म्हणालं नाही. वरदा आधी सुखावली, मग सावध झाली, मग तिला झोप लागेना. तिनं ग्लासगोला कळवलं की उशीर होईल. आई म्हणाली, बरं झालं. दुसऱ्या दिवशी सांगितलं की नाही, लगेचच जाते. आई म्हणाली, बरं झालं.

"मी लग्न करणार नाही. कधीच."

"नको करूस."

"तुझी आमटी मला कधी आवडली नाही."

"बरोबर आहे तुझं."

"त्या दिवशी तिला हाकललं ते योग्यच केलं मी."

"योग्यच केलंस."

वरदानं कप ठेवला. स्वयंपाकघरात भरदुपारचा उजेड होता. आई टेबलाशी बसून मटार सोलत होती, आणि वरदाला तिचा डावा गाल दिसत होता. कानातली कुडी, कानामागे सारलेली बट, ओठांचा कोपरा. परत आल्यापासून आई समोरून दिसली कधी, असं तिच्या मनात आलं. दारात आपण गळ्यात पडलो, तेव्हा चेहरा खांद्याशी होता. त्यानंतर?

ती उठली. आईशी काहीबाही बोलत टेबलाला वळसा घालून समोर गेली. आई मटार सोलत होती. डावा गाल, कुडी, बट, ओठांचा कोपरा. आईनं मान वळवली असेल. वरदा आणखी पुढे गेली, खिडकीच्या बाजूला, जिथून उजवा गाल दिसायला हवा. आईनं मान वळवली नव्हती, वरदा डोळ्यांची पापणी न लववता बघत होती. डावा गाल. तीच कुडी. तीच बट.

शेंगा फुटत होत्या. दाणे वाडग्यात पडत होते.

बाहेर बाबांची गाडी आली, दार वाजलं, त्यांनी हॉलमधून विचारलं, "काय चाललंय दोघींचं?" त्यांच्या आवाजात नुसता आनंद होता.

ती आईजवळ गेली, गुडघ्यांवर बसली, नाण्यावरच्यासारख्या त्या एकाच बाजूच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ.

"आई," ती कुजबुजली. "भांड ना माझ्याशी. एकदाच. काहीतरी बोल, ओरड, चुकतेय म्हण."

"तू म्हणशील तसं," आई म्हणाली, आणि हसत मटार सोलत राहिली.